ब्राँझचं अंडं आणि साहेबाचे ओटे

प्रदर्शनाला बक्षीस मिळतं! प्रदर्शनात ठेवलेल्या वस्तूला नव्हे, ती वस्तू बनवणाऱ्यालाही नव्हे. ती ज्यांनी मांडली, तिच्याशेजारी चार ओळी लिहिल्या, तिच्यावर उजेड कोणत्या बाजूनं पडावा हे ठरवलं, त्या माणसांना. विज्ञानाच्या इतिहासाची गोष्ट नीट सांगितली म्हणून बक्षीस! हे मला वयाच्या ६१व्या वर्षी कळलं. ३१ वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसले, मुलांच्या ज्वालामुखींना आणि पवनचक्क्यांना गुण दिले, आणि असं काही जगात आहे याचा मला पत्ताच नव्हता. आता गेले तीन महिने दुसरं काही सुचत नाहीये. रात्री झोपताना डोक्यात तेच, सकाळी चहा गाळताना तेच.

सुरुवात पावसानं झाली. लेक नेदरलँड्समध्ये द हेगला असते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. एका शनिवारी समुद्रावर जायचं ठरलं होतं, पण सकाळपासून पावसानं झोडपायला घेतलं. लेक म्हणाली, "आई, लायडेनला विज्ञानाच्या इतिहासाचं म्युझियम आहे. ट्रेननं पंधरा मिनिटं. तुला आवडेल बघ." मी छत्री उचलली. मनात म्हटलं, असतील चार लोलक आणि एक सांगाडा. दुपारी जेवायला घरी येऊ.

आम्ही संध्याकाळी दारं बंद होईपर्यंत आत होतो.

त्या म्युझियमचं नाव बूरहावे. आत शिरण्याआधी इमारतीनंच मला धरून ठेवलं. मुळात हा सेंट सेसिलियाच्या नावाचा नन्सचा मठ. पुढे इथे रुग्णालय झालं. प्लेगचे रोगी इथे आले, मनोरुग्णही आले. १६३६ मध्ये लायडेनच्या विद्यापीठानं इथल्या बारा खाटा, सहा पुरुषांच्या आणि सहा बायकांच्या, वैद्यक शिकणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवल्या. म्हणजे वैद्यक नुसत्या पोथीतून शिकायचं नाही, रोग्याच्या उशाशी उभं राहून शिकायचं! अठराव्या शतकात याच खाटांभोवती हर्मन बूरहावे शिकवायचे आणि त्यांना ऐकायला युरोपभरातून विद्यार्थी यायचे. चीनमधून कुणीतरी 'बूरहावे, युरोप' एवढाच पत्ता घालून पत्र टाकलं आणि ते बरोबर पोचलं, अशी त्यांची आख्यायिका सांगतात. आणि वैद्यकाचा, विज्ञानाचा इतिहास सांगणारं देशाचं म्युझियम आज त्याच वास्तूत आहे! मला आपल्याकडची देवळं आठवली. देव स्वयंभू असला की देऊळ तिथेच बांधावं लागतं, हलवता येत नाही. तसं हे.

आत गेल्यावर आधी शवविच्छेदनाचं नाट्यगृह. मी मुद्दाम नाट्यगृह म्हणते, कारण ते तसंच आहे. गोल, एकावर एक चढत जाणारे लाकडी कठडे आणि मधोमध टेबल. मूळचं १५९४ च्या सुमाराला लायडेनच्याच एका जुन्या चर्चमध्ये होतं, इथे त्याची प्रतिकृती उभारली आहे. त्या काळी विच्छेदन हिवाळ्यातच करायचे, थंडीत प्रेत टिकतं म्हणून. मग उन्हाळ्यात काय? उन्हाळ्यात त्याच कठड्यांवर माणसांचे आणि जनावरांचे सांगाडे उभे करायचे. काहींच्या हातात निशाणं द्यायचे, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं असायचं की मरण विसरू नकोस, स्वतःला ओळख. आणि लोक ते बघायला यायचे! म्हणजे चारशे वर्षांपूर्वीसुद्धा या गावातल्या माणसांना कळलं होतं की ज्ञान कपाटात ठेवून चालत नाही, ते मांडावं लागतं. आज त्या कठड्यांवर आपण बसतो, दिवे मंद होतात आणि प्रकाश-ध्वनीच्या खेळातून गोष्ट सुरू होते. माझ्या शेजारी एक सात-आठ वर्षांचा मुलगा आजोबांचा हात घट्ट धरून बसला होता. मला डच येत नाही. पण त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता.

आणि मग लेवेनहूक! आठवीच्या पुस्तकात मी त्याच्यावर किती वर्षं अर्धं पान शिकवलं असेल. 'सूक्ष्मजीवांचा शोध: लेवेनहूक', रिकाम्या जागा भरा. डोळ्यांसमोर नेहमी शाळेतला तो उभा काळा मायक्रोस्कोप यायचा. आणि इथे काचेमागे काय होतं? बोटाएवढी धातूची पट्टी. तिला एक बारीक भोक, त्या भोकात बाजरीच्या दाण्याएवढी काच, मागे वस्तू टोचायला एक सुई आणि ती पुढेमागे करायला स्क्रू. बस्स! एवढ्यावर त्या माणसानं तळ्याच्या पाण्यात, दातांवरच्या किटणात जिवंत वळवळणारी सृष्टी पाहिली. डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी. कापडाचे धागे मोजायला भिंग वापरणारा. लॅटिन येत नव्हतं, म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीला आयुष्यभर आपल्या डच भाषेतच पत्रं लिहिली, आणि त्यांनी ती भाषांतर करून छापली. त्यानं अशी पाचशेच्या वर भिंगं बनवली म्हणतात. त्याच्या सूक्ष्मदर्शकांपैकी आज जगात जेमतेम डझनभर उरलेत, त्यातले काही माझ्या नाकासमोर. मी वाकून बघत राहिले. पाठ दुखायला लागली तरी सरळ व्हावंसं वाटेना.

हायगेन्सच्या कल्पनेवर सालोमोन कोस्टरनं बनवलेलं लंबकाचं घड्याळ पुढे होतं, १६५७ सालचं. त्याआधीची घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं चुकायची, लंबक आल्यावर ती चूक पंधरा सेकंदांवर आली. हे मी भराभर सांगते आहे, कारण मला पुढच्या वस्तूबद्दल सांगायचं आहे.

एक मोठं लाकडी पिंप, आडवं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्याला गुंडाळलेली नळी आणि खाली टब. लांबून मला ते जुन्या काळचं कपडे धुवायचं यंत्र वाटलं. लेकीनं मोबाईलवर पाटीचं भाषांतर केलं आणि ती एकदम गप्प झाली. मी म्हटलं, "काय आहे?" ती म्हणाली, "आई, डायालिसिस."

आमच्या घरात त्या शब्दाला वजन आहे. माझ्या थोरल्या दिरांचं साडेतीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायालिसिस चाललं. पहाटे साडेचारला गाडी काढायची, चार तास त्या खुर्चीत, मग परत. त्या यंत्राचा आवाज माझ्या कानात पक्का बसलेला. पण ते यंत्र कुठून आलं, पहिल्यांदा कुणाच्या मनात आलं, हा प्रश्न मला, विज्ञानाच्या शिक्षिकेला, कधी पडला नव्हता. आणि ते इथे होतं! विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर, काम्पेन नावाचं लहान गाव, साल १९४३. देश जर्मनांच्या ताब्यात, कशाचीच नीट सोय नाही. त्यानं काय केलं? सॉसेजचं आवरण म्हणून वापरतात ती सेलोफेनची नळी घेतली, लाकडी पिंपाला गुंडाळली आणि पिंप मिठाच्या द्रावणाच्या टबात फिरत ठेवलं. रक्त नळीतून फिरतं, नळीच्या पातळ पापुद्र्यातून रक्तातलं विष बाहेर पाण्यात उतरतं. टब कुणी करून दिला? गावातल्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्यानं! सुरुवातीचे रुग्ण एकामागून एक दगावत गेले. तरी तो थांबला नाही. आणि १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून परत आली. युद्ध संपल्यावर त्यानं आपली यंत्रं दुसऱ्या देशांतल्या रुग्णालयांना देऊन टाकली.

मी तिथल्या बाकावर बसले आणि रडले. लेकीनं पाठीवर हात ठेवला. मला वाटत होतं की हे भाऊजींना बघायला मिळायला हवं होतं. ते स्वतः सुतारकाम जाणणारे. त्या पिंपाच्या फळ्या कशा जोडल्यात हे त्यांनी आधी बघितलं असतं.

आता सांगते ते सगळ्यात मोठं. एका दालनात पितळ, लोखंड आणि काचेच्या नळ्यांचं एक विचित्र झाड उभं होतं. हाइके कामरलिंग ओनेसचं हेलियम द्रवरूप करण्याचं यंत्र. १० जुलै १९०८. याच लायडेन गावात, पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याची माणसं खपत होती. आधी हवा द्रवरूप केली, मग त्या थंडाव्यानं हायड्रोजन, मग त्या थंडाव्यानं हेलियम, एकेक पायरी उतरत उणे २६९ अंशांपर्यंत. आणि गंमत अशी की हेलियम द्रवरूप झालं तरी कुणाला दिसेना, इतकं ते नितळ! बघायला आलेल्या एका प्राध्यापकानं सुचवलं की खालून उजेड टाकून बघा. टाकला, आणि भांड्यात द्रवाची कड एकदम चमकून उठली. पृथ्वीवरची तोवरची सगळ्यात थंड जागा त्या क्षणी या गावात होती. पुढे १९११ मध्ये याच थंडाव्यात ओनेसला पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला दिसला, आणि १९१३ मध्ये नोबेल.

पण मी थबकले ती नोबेलमुळे नाही. या यंत्रामागे एकटा ओनेस नव्हता. यंत्रशाळेचा प्रमुख गेरिट यान फ्लिम. काच फुंकणारा ओस्कार केसलरिंग. त्या दुहेरी भिंतीच्या काचेच्या कुप्या केसलरिंगनं फुंकल्या नसत्या, तर हेलियम थांबलं असतं कुठे? कारागीर हवेत म्हणून ओनेसनं १९०१ मध्ये लायडेनमध्ये उपकरणं बनवणाऱ्यांची शाळाच काढली. आणि हेलियम आलं कुठून? अमेरिकेतून मागवलेल्या मोनाझाइटच्या वाळूतून, आणि ती वाळू मिळवून दिली त्याच्या भावानं! एका वायूच्या गोष्टीत वाळू, भाऊ, काचवाला, लोहार, सगळे. आमच्या पाठ्यपुस्तकात एक नाव आणि एक साल असतं. मी त्या नळ्यांसमोर उभी राहून विचार करत होते की मी मुलांना इतकी वर्षं काय दिलं?

बाहेर कॉफी प्यायला बसलो तेव्हा लेक मोबाईलवर काहीतरी वाचत होती. म्हणाली, "आई, या म्युझियमला २०१९ मध्ये बक्षीस मिळालंय. युरोपातल्या त्या वर्षीच्या म्युझियमचा पुरस्कार. सारायेव्होला दिला." मी विचारलं, "कशाबद्दल? इतक्या जुन्या वस्तू सांभाळल्या म्हणून?" ती म्हणाली, "नाही. २०१७ च्या डिसेंबरात सगळं नव्यानं मांडून उघडलं, ते लोकांपर्यंत कसं पोचतं म्हणून."

त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी खडकन उघडलं.

आमच्या कोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडाची चौकट, तिला आंब्याचे टाळ, कांगण्या, कवंडळं, तेरडा, सुपारीचे घोस, नारळ, तवसं. एकेक जिन्नस रानातून, परसातून आणलेला. सुटा बघितला तर रानातलं एक फळ. पण जाणत्या हातानं चौकटीत बांधला की खालून बघणाऱ्याला अख्खा श्रावण-भादवा डोक्यावर लटकलेला दिसतो. गोव्यात माटोळीच्या स्पर्धा होतात, परीक्षक घरोघरी जाऊन बघतात, किती जातींची रानफळं आणली आणि कशी बांधली याला बक्षीस देतात. मग विज्ञानाच्या मांडणीला का नसावं? आहे की! आणि मला माहीत नव्हतं!

घरी परतल्यावर रात्री एक वाजेपर्यंत आम्ही दोघी शोधत बसलो. युरोपियन म्युझियमचा हा पुरस्कार १९७७ पासून दिला जातो. केनेथ हडसन नावाच्या इंग्रज लेखकानं तो सुरू केला. म्युझियम म्हणजे वस्तूंचं कोठार नव्हे, ते तिथे येणाऱ्या माणसांसाठी असतं, या एका गोष्टीचा त्याला ध्यास. म्हणून परीक्षक कागदपत्रं बघून निकाल लावत नाहीत, ते प्रत्येक म्युझियममध्ये प्रत्यक्ष जातात. लोकांना तिथे काय मिळतं, हा त्यांचा मुख्य प्रश्न. पहिल्याच वर्षी बक्षीस कुणाला गेलं ठाऊक आहे? इंग्लंडमधल्या आयर्नब्रिजला! सेव्हर्न नदीवरचा १७७९ चा तो लोखंडी पूल, आणि दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळायला जिथे सुरुवात झाली ती भट्टी. म्हणजे पुरस्काराचा जन्मच राजेरजवाड्यांच्या चित्रांवर झाला नाही. तो भट्टी, लोखंड, हातांना पडलेले घट्टे यांच्या गोष्टीवर झाला.

आणि बक्षीस काय, तर हेन्री मूरनं घडवलेलं ब्राँझचं एक शिल्प. त्याचं नाव 'अंडं'! जिंकणाऱ्या म्युझियमला ते वर्षभर जपायला मिळतं, वर्ष संपलं की पुढच्या विजेत्याकडे जातं. फिरता करंडक आपल्याला माहीत आहे, कबड्डीचा, भजनी मंडळांचा. पण अंडं! वर्षभर ऊब द्यायची आणि पुढच्या घरट्यात सोपवायचं. ज्याला हे सुचलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. आणि लायडेनच्या नशिबात तर बघा, २०२१ मध्ये तेच बक्षीस पुन्हा याच गावात आलं, या वेळी नॅचरालिस या निसर्गविज्ञानाच्या म्युझियमकडे.

बूरहावेला हे सहज मिळालेलं नाही. २०१२ च्या आसपास सरकारनं अनुदानाचे नियम कडक केले आणि म्युझियम बंद पडायची वेळ आली होती. स्वतःचे पैसे उभे करा, नाहीतर दार लावा. लोकांनी दार लावू दिलं नाही. त्यानंतर सात वर्षांनी ते अंडं इथे आलं!

दुसऱ्या दिवशी आणखी एक पुरस्कार सापडला. अमेरिकेतली तंत्रज्ञानाच्या इतिहासाची एक अभ्यास-संस्था १९८५ मध्ये स्थापन केलेला डिबनर पुरस्कार देते, खास प्रदर्शनांसाठी. बर्न डिबनर हा स्वतः इंजिनियर, विज्ञानाची जुनी पुस्तकं वेड्यासारखी जमवणारा. या पुरस्काराची अट मला इतकी आवडली की मी ती वहीत उतरवून घेतली: प्रदर्शन नुसतं देखणं असून भागत नाही, त्यानं इतिहासाचे खरे प्रश्न उभे करायला हवेत, आणि सामान्य बघणारा व अभ्यासक या दोघांनाही त्यातून काही मिळायला हवं. दोघांनाही! हे किती अवघड आहे ते शिक्षकाला विचारा. पहिल्या बाकावरच्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही आणि शेवटच्या बाकावरचा सुटू द्यायचा नाही. आणि बक्षिसात काय? एक फलक, आणि तो घ्यायला येणाऱ्याच्या प्रवासाचा खर्च. कोट्यवधींची थैली नाही. तरी जगभरातली माणसं त्यासाठी जीव टाकतात.

२०१० मध्ये तो कोपनहेगनच्या वैद्यकीय म्युझियममधल्या एका प्रदर्शनाला मिळाला. त्यांनी तिथे काय मांडलं होतं? फ्रीझर, सेंट्रिफ्यूज, प्लॅस्टिकच्या नळ्या! आजच्या प्रयोगशाळेतल्या वापरून फेकायच्या वस्तू! आजचं जैववैद्यक शरीराचे किती बारीक तुकडे करतं आणि ते पुन्हा कसे जोडतं, हे त्यांनी त्या वस्तूंतून दाखवलं. आणि ते लावलं होतं अठराव्या शतकातल्या शल्यवैद्यांच्या अकादमीच्या इमारतीत. सोनं-चांदी लागत नाही. हिऱ्यामाणकांचा मुकुट लागत नाही. जी वस्तू आपण बघूनही बघत नाही, ती अशी ठेवायची की बघणाऱ्याला ती पहिल्यांदा दिसावी.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? साहेबाचे ओटे.

माझं माहेर देवगड तालुक्यातलं. विजयदुर्ग किल्ल्यात मी लहानपणापासून कितीदा गेले याला हिशेब नाही. तिथे जुने ओटे आहेत, त्यांना सगळे साहेबाचे ओटे म्हणतात. आमचे मामा ओट्यावर हात आपटून सांगायचे, "ह्यां बघ, हयसर सायबान दुर्बीण लावन गिराण बघल्यान!" आम्ही त्या ओट्यांवरून उड्या मारायचो. पुढे कळलं की त्या साहेबाचं नाव नॉर्मन लॉकियर आणि हेलियमच्या शोधाशी त्याचं नाव जोडलेलं. मग मीही वर्गात छाती फुगवून सांगायला लागले की हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला, १८६८ मध्ये. १८ ऑगस्टला तिथे हेलियमचा दिवस साजरा होतो, तिथेही मी हेच बोलले.

लायडेनच्या त्या यंत्रानं मला खरी गोष्ट शोधायला लावली. आणि खरी गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी निघाली!

१८ ऑगस्ट १८६८ ला भारतावरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली गेली हे खरं. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यानसेन, मछलीपट्टणमला पॉगसन, जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक अधिकारी, असे ठिकठिकाणी वर्णपटदर्शक लावून बसले होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या उजेडात ठळक रेघा दिसल्या, त्यात एक पिवळी. सोडियमची असेल, असं बहुतेकांना वाटलं. लॉकियर तेव्हा भारतात नव्हताच, तो इंग्लंडमध्ये होता. ऑक्टोबरमध्ये त्यानं ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला आणि पिवळी रेघ नीट मोजली. ती सोडियमच्या जागी बसत नव्हती. हे कुठलं तरी पृथ्वीवर न सापडलेलं द्रव्य! सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं, आणि प्रत्यक्ष पृथ्वीवर ते रॅमझीच्या हाती लागायला १८९५ उजाडलं. मग लॉकियर विजयदुर्गाला आला कधी? १८९८ मध्ये! २२ जानेवारीच्या ग्रहणाला. किल्ल्यात तळ ठोकला, ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी घेतले, त्यांना निरीक्षणं शिकवली. म्हणजे सूर्यावरच्या एका मूलद्रव्याच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं गेलं, तो माणूस तीस वर्षांनी, ते पृथ्वीवर सापडल्यानंतर तिसऱ्याच वर्षी, तोच सूर्य पुन्हा बघायला आमच्या समुद्रावर आला होता. त्याच दिवशी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी नायगमवाला जेऊरला आपली उपकरणं लावून बसले होते. एक हिंदी खगोलशास्त्रज्ञ, स्वतःची मोहीम घेऊन! आणि त्यानंतर दहा वर्षांनी लायडेनमध्ये खालून उजेड टाकल्यावर ती कड चमकली. १८६८, १८९८, १९०८. सूर्य, विजयदुर्ग, लायडेन. एकच दोरी!

मी मुलांना तिचं एक टोक दिलं होतं, आणि तेही चुकीच्या जागी बांधून. याचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. वर्गात माझ्यासमोर बसलेली ती मुलं आज चाळिशीची झालीत आणि आपल्या मुलांना तीच गोष्ट सांगत असतील. पण वाईट वाटण्याबरोबरच एक उकळी फुटते आहे. या गोष्टीसाठी काय लागतं? ओटे आहेत. समुद्र आहे. आकाश आहे. एका पिवळ्या रेघेचा वर्णपट, एक नकाशा आणि नीट लिहिलेली पाटी. त्या डिबनरवाल्यांना सामान्य माणूस आणि अभ्यासक दोघांसाठी हवं असतं ना? ते इथे होऊ शकतं!

म्हणून परत आल्यावर मी पाटी लिहायला घेतली. म्युझियमच्या पाट्या मी लायडेनला मोजल्या होत्या. बहुतेक साठ-सत्तर शब्दांच्या. उभ्यानं वाचणाऱ्याचा दम तेवढाच असतो. वाटलं, तासाभराचं काम. अठरा दिवस झाले. पहिला खर्डा तीनशे शब्दांचा झाला. दुसऱ्यात वर्णपट समजावता समजावता लॉकियर राहूनच गेला. तिसरा वाचून यजमान म्हणाले, "सगळं बरोबर आहे गं, पण हे वाचून मला वर बघावंसं वाटलं नाही." तेव्हा कळलं की त्या लायडेनच्या चार ओळींमागे काय असतं आणि त्याला कुणी बक्षीस का देतं.

काल सातवा खर्डा घेऊन किल्ल्यावर गेले. बरोबर वाडीतली दोन मुलं, सातवीतली शाल्मली आणि तिचा धाकटा भाऊ. ओट्यावर बसून मी वाचून दाखवला:

"२२ जानेवारी १८९८. दुपारी इथे अंधार झाला आणि सूर्याभोवतीचं तेज दिसलं. ते टिपायला नॉर्मन लॉकियर इंग्लंडहून या किल्ल्यात येऊन राहिले होते. हे ओटे त्यांच्या दुर्बिणींसाठी होते, असं इथली माणसं सांगतात. तीस वर्षांपूर्वी त्यांनीच सूर्याच्या उजेडात एक पिवळी रेघ ओळखली होती, तेव्हा पृथ्वीवर कुणाला माहीत नसलेल्या द्रव्याची. ते हेलियम. आज एमआरआयचं यंत्र त्याच्यावर थंड राहतं. इथे बसा. दुपार असेल तर आपली सावली बघा."

धाकट्यानं लगेच वाकून सावली बघितली. माझ्या छातीत धडधडलं! शाल्मली मात्र ओट्याच्या दगडावरून बोट फिरवत होती. म्हणाली, "बाई, सायब आला, दुर्बीण आली. पण हे ओटे बांधले कुणी?"

फ्लिम. केसलरिंग. एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना. मी सगळं डोळ्यांनी बघून आले होते, आणि माझ्या पाटीत गवंडी नव्हता.

मी पेन्सिल काढली, सावलीच्या ओळीआधी दोन ओळींची जागा कोरी सोडली. उद्या सकाळी शाल्मलीला घेऊन खालच्या वाडीत जायचं आहे. जी घरं पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम करतात, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायला.